ट्रॅक्टरचा पत्रा आणि डिझेलची टाकी : रासायनिक सफाईपूर्वीची तयारी

(ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्या शिकवणारा माणूस पत्रा आणि गंज या विषयावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. खरिपात ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाला आणि जमिनीला वाफसा आला की पेरणीसाठी मोजके दिवस हाती असतात. नेमक्या त्या दिवसांत टाकीतल्या गंजाच्या खपल्यांनी फिल्टर तुंबला आणि ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला, तर सुधारित वाण, बीजप्रक्रिया, ओळीतील अंतर या आमच्या सगळ्या शिफारशी कागदावरच राहतात. म्हणून पेरणीचा विचार करणाऱ्याला टाकीचाही विचार करावा लागतो.

अलीकडे बऱ्याच तालुक्यांच्या औद्योगिक वसाहतींत पावडर कोटिंगची कामे होतात. तेथे पत्र्याचे भाग रसायनांच्या हौदांत बुडवून साफ करतात. बोलीत त्याला डिपिंग किंवा सेव्हन टँक म्हणतात. जुन्या ट्रॅक्टरचे बॉनेट, मडगार्ड, जीप किंवा पिकअपचे दरवाजे, ट्रॉलीचे फाळके आणि डिझेलच्या टाक्या शेतकरी तेथे घेऊन जातात. काम चांगले होते. मात्र ते चांगले होणे किंवा बिघडणे हे बरेचसे हौदात जाण्याआधी आपण काय करतो यावर ठरते. पत्र्याच्या बाबतीत चूक झाली तर रंग आणि पैसा वाया जातो. टाकीच्या बाबतीत चूक झाली तर माणूस जातो. आज आपण ही तयारी क्रमवार पाहू.

हौदात काय घडते?

पहिल्या हौदात साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाचे गरम अल्कधर्मी द्रावण असते. त्यात कॉस्टिक सोडा किंवा तत्सम क्षार आणि साबणासारखे पदार्थ असतात. त्याने तेलकटपणा निघतो. जास्त तीव्र आणि जास्त गरम कॉस्टिकमध्ये जुना रंगही सुटतो. त्यानंतर पाण्याची धुवण होते. तिसऱ्या हौदात आम्ल असते, बहुधा हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक किंवा फॉस्फोरिक. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साईड. तो आम्लात विरघळतो. पुन्हा पाणी, मग फॉस्फेटचा हौद, परत पाणी आणि शेवटी पत्रा लवकर गंजू नये म्हणून एक अखेरची प्रक्रिया, असे सात हौद होतात.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली, आम्ल तेलातून आत शिरत नाही. पत्र्यावर ग्रीस किंवा तेल राहिले तर त्याखालचा गंज तसाच राहतो. येथे एक गैरसमज आहे. कॉस्टिक सोडा शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाचा साबण करतो, म्हणून तो सर्व तेले काढील असे वाटते. परंतु डिझेल, इंजिन ऑईल आणि ग्रीसमधले तेल ही खनिज तेले आहेत. त्यांचा साबण होत नाही. ती फक्त साबणी पाण्यात थोडी थोडी सुटून येतात. म्हणून जाड थर आपणच खरवडून काढावा लागतो.

दुसरी, गंज संपला की आम्ल लोखंडाला लागते आणि हायड्रोजन वायू सुटतो. हे रोखण्यासाठी चांगल्या कारखान्यात आम्लात अवरोधक मिसळतात. तरीही भाग वेळेवर बाहेर काढणे हाच खरा उपाय आहे.

तिसरी, द्रव जेथे पोचत नाही तेथे सफाई होत नाही, आणि जेथून निघत नाही तेथे तो पत्रा खात राहतो. पत्र्याची सगळी तयारी या एका वाक्यात सामावली आहे.

पत्र्याच्या भागांची तयारी

१. सर्व वस्तू सुट्या करा. काच, रबर, वायरिंग, दिवे, कुलपे, बिजागऱ्या, प्लॅस्टिक आणि बेअरिंग काढावे. उघडण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. जोडणीच्या वेळी त्यांचा फार उपयोग होतो. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत.

२. धातू ओळखा. खिशात एक चुंबक ठेवावे. ज्याला चुंबक चिकटत नाही तो भाग ॲल्युमिनियम, पितळ किंवा तत्सम धातूचा असू शकतो. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये टाकले की ते वेगाने विरघळते, द्रावण तापते आणि मोठ्या प्रमाणात हायड्रोजन सुटतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेटू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला चुंबक चिकटते, पण त्यावरचे जस्त आम्लात क्षणात निघून जाते आणि तेथेही हायड्रोजन सुटतो. पांढरट, फुले पडल्यासारखी नक्षी दिसणारा पत्रा वेगळा ठेवावा आणि कारखान्यात तसे स्पष्ट सांगावे.

३. कडक पोलाद आम्लात घालू नका. पाटे, स्प्रिंगा, उच्च ताणाचे बोल्ट, ट्रॉलीची हूक-पिन, साखळ्या आणि तीन बिंदू जोडणीच्या पिना या पोलादात आम्लातला हायड्रोजन शिरतो. वरून भाग नवा दिसतो, आतून ठिसूळ होतो आणि भर ओझ्याखाली अचानक तुटतो. ऊस भरलेली ट्रॉली चढावर असताना पिन तुटली तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. असे भाग तारेच्या ब्रशने साफ करावेत.

४. ग्रीस, माती आणि खत काढा. मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि ट्रॉलीच्या कोपऱ्यांत खत-मातीचे थर बसलेले असतात. बहुतेक रासायनिक खते हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून गंजाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. हा थर तसाच कॉस्टिकच्या हौदात गेला तर अमोनियमयुक्त खतातून डोळे झोंबवणारा अमोनिया वायू सुटतो. फवारणीच्या औषधांचे डाग असतील तर तेही कारखान्यात पाठवण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने धुवावेत. धुताना रबरी हातमोजे वापरावेत.

५. डांबर, सीलर आणि लांबी काढा. खालच्या बाजूला मारलेला डांबरी लेप आणि सांध्यांतला सीलर द्रावणाला आत जाऊ देत नाही. ठोकर लागलेल्या जागी भरलेली लांबी आम्ल शोषून घेते. वरून रंग मारला की काही महिन्यांत त्याच जागी फोड येतात. लांबी किती आणि कोठे आहे, हे चुंबकाने कळते. जेथे चुंबकाची ओढ एकदम कमी होते तेथे खाली लांबी आहे असे समजावे.

६. जुना रंग जाळू नका, कोरडा घासू नका. जुन्या यंत्रांच्या अस्तर रंगात शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साईड वापरत असत. आज सर्रास मिळणारा रेड ऑक्साईड प्रायमर हा लोखंडाच्या ऑक्साईडचा असतो. दोन्ही लालसर असल्याने डोळ्यांनी फरक कळत नाही. काही पिवळ्या आणि नारिंगी रंगांतही शिसे असते. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर मर्यादा घातली. यंत्रांचे व वाहनांचे रंग त्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून अंगणात ग्राइंडर लावून रंग उडवू नये. खरवडायचेच असेल तर ओले करून खरवडावे, खाली कागद पसरावा, तोंडाला धुळीचा योग्य मास्क लावावा आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत.

७. हवा आणि द्रव यांची वाट पाहा. बॉनेटच्या दुमडलेल्या कडा, दरवाजाचा खालचा भाग, पेटीसारखे बंद सांधे या जागा नीट तपासाव्यात. प्रत्येक पोकळीला खाली द्रव निघण्यासाठी आणि वर हवा जाण्यासाठी वाट हवी. मुळातली भोके मातीने बुजली असतील तर तारेने मोकळी करावीत. पोकळी पूर्ण बंद असेल तर मिस्त्रीच्या सल्ल्याने न दिसणाऱ्या बाजूला भोक पाडावे, नाहीतर तो भाग बुडवूच नये. दुहेरी पत्र्याच्या घडीत अडकलेले आम्ल पाण्याने सहज निघत नाही. अशा भागांना फॉस्फोरिक आम्लाचे सौम्य द्रावण किंवा वाळूच्या झोताने केलेली सफाई जास्त सुरक्षित असते.

८. पत्र्यात जीव आहे का पाहा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करावी. घट्ट आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बोदा आवाज आला आणि टोक आत गेले, तर तेथे पत्रा उरलेला नसून केवळ गंजच भाग धरून आहे. हौदातून बाहेर आल्यावर त्या जागी भोक असणारच. तो कारखान्याचा दोष नव्हे. मोठा भाग खंगलेला असेल तर हेलपाट्याचा आणि सफाईचा खर्च करण्याऐवजी नवा भाग घ्यावा. मोठ्या पण लवचिक भागाला आतून आडवी लोखंडी पट्टी बोल्टने बांधली तर तो उचलताना वाकत नाही. तुकडे जोडण्याचे काम सफाईनंतर, स्वच्छ पत्र्यावर करावे.

९. क्रमांक सांभाळा. चॅसिस आणि इंजिन क्रमांकाची पट्टी पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते. ती काढून ठेवावी. पत्र्यावर ठोकलेला क्रमांक आम्लाने पुसट होणार नाही याची काळजी घ्यावी, कारण वाहनाची कायदेशीर ओळख तीच असते. रंग बदलण्याचा विचार असेल तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

१०. खूण पक्की करा. कागदाची चिठ्ठी आणि ॲल्युमिनियमची तार हौदात टिकत नाहीत. लोखंडी पट्टीवर पंचाने खूण ठोकून ती लोखंडी तारेने भागाला बांधावी. भागांची यादी दोन प्रतींत करून एकीवर कारखान्याची सही घ्यावी.

डिझेलची टाकी : रिकामी म्हणजे सुरक्षित नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. टाकी गळू लागली, गंजली, की आपण ती काढतो, डिझेल ओततो, दोन दिवस उन्हात उपडी ठेवतो आणि वेल्डिंगवाल्याकडे नेतो. “रिकामी आहे, डिझेलच होते, पेट्रोल नव्हते,” असे सांगतो. या वाक्यातले दोन्ही भाग फसवे आहेत.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. इंधन पेटते ते वाफेच्या रूपाने, हवेत मिसळल्यावर. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफ आणि हवा यांना जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र तळाचा गाळ, गंजाच्या खपल्या, आतल्या पडद्यांच्या घड्या यांनी धरून ठेवलेले इंधन हळूहळू वाफ सोडत राहते. पेट्रोलच्या वाफेचे हवेतले प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असले तरी ती पेटते. डिझेलच्या बाबतीत तर एक टक्क्याहूनही कमी प्रमाण पुरते. चार चमचे इंधन संपूर्ण टाकी उडवायला पुरेसे असते. बंद जागेत पेट घेतल्यावर तेथे साधी आग लागत नाही, स्फोट होतो आणि टाकीचा पत्रा फाटून जवळच्या माणसावर येतो.

दुसरा भाग डिझेलचा. पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही पेट घेईल इतकी वाफ देते. डिझेल तसे नाही, म्हणून ते निर्धोक समजले जाते. परंतु वाहनांच्या डिझेलसाठी भारतीय मानकाने घातलेली अट अशी की, ३५ अंश सेल्सिअसच्या खाली त्याने ठिणगीने पेटेल इतकी वाफ देऊ नये. त्याच्या वर हमी नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि उन्हात ठेवलेला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. म्हणजे टाकी ‘सुकावी’ म्हणून आपण उन्हात ठेवतो, तेव्हा तिच्यात पेटणारी वाफ तयार होण्यास मदतच करतो.

हौदाचेही तेच. पहिला हौद ६० ते ७० अंशांचा. त्यात डिझेलचा गाळ असलेली टाकी बुडवली की वाफ हौदाच्या तोंडावर जमते. शेजारी हौद तापवणारा जाळ असेल तर काय होईल, ते आपणच ठरवा. म्हणून टाकी धुऊन, गाळ काढूनच कारखान्यात न्यावी आणि आत काय होते ते न लपवता सांगावे. हौदावर काम करणारा मुलगा आपल्याच गावचा असतो.

टाकी धुण्याची पद्धत

१. जागा आणि वेळ. काम उघड्यावर, सावलीत, सकाळी लवकर करावे. चूल, वेल्डिंग, ग्राइंडर, विजेची मोटार, चालू इंजिन यांपासून किमान ५० फूट दूर असावे. विडी-सिगारेट आणि मोबाईल जवळ नको. इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत खड्ड्यात किंवा नालीत साठते आणि दूरच्या जाळापर्यंत पोचते. म्हणून खड्ड्याजवळ, बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये हे काम करू नये.

२. उतरवणी. प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. डिझेल झाकणाच्या लोखंडी डब्यात काढावे. हे डिझेल पुन्हा टाकीत घालू नये, कारण त्यात गंज आणि पाणी असते. टाकी उतरवताना ती ओढू किंवा घासू नये.

३. भाग सुटे करणे. झाकण, गाळणी, कॉक, तळाचा प्लग, इंधनमापकाचा फ्लोट, रबरी नळ्या आणि वॉशर काढावेत. फ्लोट आणि पितळी कॉक चुकूनही हौदात जाता कामा नयेत.

४. टाकीचा धातू पाहणे. हल्ली अनेक ट्रॅक्टरांना प्लॅस्टिकची टाकी असते. ती साबणाच्या पाण्याने धुवावी, हौदात घालू नये. काही लोखंडी टाक्यांना आतून जस्ताचा किंवा शिसे-कथलाचा मुलामा असतो. आम्लाने तो निघून जातो आणि टाकी पूर्वीपेक्षा लवकर गंजते. अशी टाकी केवळ धुऊन वापरता येते का, ते आधी पाहावे. डाग दिलेले सांधेही कॉस्टिक आणि आम्लात कमकुवत होतात.

५. गाळ काढणे. तोंडातून शक्य तेवढा गाळ लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काठीला चिंधी बांधून काढावा. या टप्प्याला लोखंडी सळई नको, तिने ठिणगी पडू शकते. पेट्रोल किंवा थिनर घालून टाकी विसळणे म्हणजे स्वतः धोका आत ओतणे होय.

६. गरम सोड्याचे पाणी. लोखंडी टाकीसाठी दर १० लिटर गरम पाण्यात साधारण अर्धा किलो धुण्याचा सोडा आणि थोडी कपडे धुण्याची पावडर मिसळावी. पाणी दूर तापवून तेथून आणावे. टाकी अर्धी भरून हलवावी, मग काठोकाठ भरून वाहू द्यावी, म्हणजे वर तरंगणारे तेल बाहेर पडते. अर्धा तास ठेवून पूर्ण ओतावी. असे किमान तीन वेळा, आणि पाण्यावर तवंग येईनासा होईपर्यंत करावे. शेवटी साध्या पाण्याने दोनदा भरून ओतावी. धुण्याचे तेलकट पाणी पिंपात साठवावे. वर आलेले तेल वेगळे काढून जुने ऑईल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे द्यावे. ते शेतात, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये.

७. खपल्या सैल करणे. पूर्ण धुतल्यानंतर, आणि आत पाणी असतानाच, बारीक खडी किंवा साखळीचा तुकडा घालून टाकी घोळावी. धुण्यापूर्वी किंवा कोरड्या टाकीत असे केल्यास साखळीची ठिणगी पडण्याचा धोका असतो. नंतर साखळी व खडी मोजून बाहेर काढावी.

८. गळती पाहणे. टाकी पाण्याने भरून बाहेरून कोरडी पुसावी. जेथे पाणी झिरपते तेथे खूण करावी. काडी पेटवून किंवा जळता कागद दाखवून गळती तपासण्याचा प्रकार कोणीही करू नये.

९. वाहतूक. टाकीची तोंडे उघडी ठेवून ती उघड्या ट्रॉलीत बांधून न्यावी. सोबत चिठ्ठी द्यावी : आत कोणते इंधन होते, किती वेळा धुतली, मुलामा आहे का, कोठे गळते.

वासावर भरवसा ठेवू नका. नाक थोड्या वेळात सरावते आणि वास येईनासा झाला तरी वाफ असू शकते. वाफ नाही याची खात्री केवळ वायुमापक यंत्राने होते. ते नसेल तर धुतलेली टाकीही ‘वाफ असलेली’ समजूनच हाताळावी.

वेल्डिंगबद्दल दोन शब्द

सफाईनंतर गळके भोक बंद करण्यासाठी टाकी जाळाजवळ न्यावी लागते, म्हणून हा मुद्दा येथेच सांगतो. काही ठिकाणी टाकीत इंजिनाचा धूर सोडतात, म्हणजे आतली हवा निघून जाईल अशी समजूत असते. डिझेल इंजिनाच्या, विशेषतः रिकाम्या चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात बराच प्राणवायू शिल्लक असतो. या धुराने संरक्षण मिळत नाही. नुसती हवा मारली तरी गाळातून पुन्हा वाफ येते. टाकीचे वेल्डिंग हे वाफ मोजण्याची आणि टाकीत निष्क्रिय वायू भरण्याची सोय असलेल्या अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे. बारीक भोकासाठी इंधनरोधक इपॉक्सीने थंड दुरुस्ती होते. आणि पुष्कळदा नवी टाकी हाच सर्वांत स्वस्त सौदा असतो.

कारखान्यात काय विचारावे?

आम्ल कोणते वापरता आणि त्यात अवरोधक आहे का? भाग किती वेळ ठेवता? टाकीच्या आतून शेवटची धुवण कशी करता? फॉस्फेटची प्रक्रिया करता का? डिझेलच्या टाक्या घेता का, आणि घेण्यापूर्वी काय तपासता? वापरलेले आम्ल कोठे जाते? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. वापरलेले आम्ल हा २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येणारा कचरा आहे आणि अशा कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. त्याची नाली शेवटी आपल्याच ओढ्याला मिळते. आम्लाने आणि कॉस्टिकने जमिनीचा सामू बिघडला तर तो सुधारण्यास वर्षे लागतात.

हे काम घरी आम्ल आणून करू नये. बाजारातले तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण ३० टक्क्यांच्या वर असते. त्याच्या धुराने शेडमधली अवजारेही गंजतात. आम्ल आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. लहान भागांसाठी घरच्या घरी करण्याजोगा सौम्य उपाय आहे. साखर कारखान्यातील मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग, या द्रावणात लोखंडी भाग एक ते दोन आठवडे बुडवून ठेवले की गंज सुटतो. वास येतो आणि वेळ लागतो, पण शाबूत लोखंड जवळपास जसेच्या तसे राहते. ॲल्युमिनियम आणि जस्त मात्र यातही घालू नये. मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असल्याने ती रीतसर मार्गानेच घ्यावी.

आम्ल किंवा कॉस्टिक अंगावर उडाले तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले तर पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटे पाणी सोडावे आणि दवाखाना गाठावा. लिंबू, तेल किंवा हळद लावू नये.

हौदातून आल्यावर

साफ झालेले उघडे लोखंड दमट हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होते. म्हणून हे काम रब्बीच्या सुगीनंतर, कोरड्या हवेत काढावे आणि प्रायमर त्याच दिवशी मारण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी. माती तपासताना वापरतो ती सामू पाहण्याची पट्टी येथेही उपयोगी पडते. घड्यांतून आणि टाकीतून निथळणाऱ्या पाण्याला ती लावावी. सामू ७ च्या आसपास आला नसेल तर सौम्य सोड्याच्या पाण्याने आणि नंतर साध्या पाण्याने पुन्हा धुवून घ्यावे.

टाकी गरम हवेच्या ब्लोअरने वाळवावी, जाळावर धरू नये. वाळताच आतून स्वच्छ डिझेल फिरवावे. नवी गाळणी, नव्या रबरी नळ्या आणि नवा फिल्टर बसवावा. पहिल्या काही दिवसांनंतर फिल्टर उघडून पाहावा.

टाकी मुळात गंजते ती पाण्याने. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दवासारखी जमते आणि तळाला उतरते. म्हणून संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी, झाकणाचा वॉशर शाबूत ठेवावा आणि तळाचे पाणी वेळोवेळी काढावे. एवढे केले तर बहुतेक टाक्यांना हौदापर्यंत जाण्याची वेळच येणार नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, सांगितलेले सगळे लक्षात राहिले नाही तरी दोन गोष्टी घरी जाऊन मुलांना आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याला जरूर सांगा. जेथून रसायन बाहेर निघू शकत नाही तेथे ते घालू नका. आणि इंधनाची टाकी कितीही रिकामी दिसली तरी तिला जाळ दाखवू नका. पत्रा पुन्हा मिळतो, रंग पुन्हा मारता येतो.